उजव्या कानातली गिटार

उजव्या कानात गिटार वाजली आणि निकेशनं मान वळवून उजवीकडे पाहिलं. उजवीकडे फ्रिज होता. फ्रिजवर गॅसचं कार्ड आणि लिंबांची परडी. दुपारचे तीन वाजले होते, मार्च नुकता लागला होता आणि प्रेरणा मागच्या अंगणात कूलरच्या जाळ्या धूत होती. त्या पाण्याचा आवाज सोडला तर घरात दुसरं काही वाजत नव्हतं. त्यानं कानातली ती दोन पांढरी बोंडं काढली, टेबलावर ठेवली, त्यांच्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि पुन्हा घातली. गाणं तेच होतं. 'मालधक्का'. 'धुई' या कॅसेटमधलं पाचवं, सात मिनिटांचं, आणि त्याच्या मते सगळ्यात वाईट. हे गाणं त्याला इतकं पाठ होतं की गेल्या दहा-बारा वर्षांत ते ऐकायची गरजही पडली नव्हती. त्यात किबोर्ड होता, धनंजयचा आवाज होता, मागं ड्रम होते, आणि गिटार नव्हती. गिटार नव्हती हीच तर त्याची तक्रार होती. पंचवीस वर्षं जपलेली, आणि खरं सांगायचं तर थोडी लाडकीसुद्धा.

'उकाडा' हे नाव वर्ध्याबाहेर फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. इंजिनिअरिंगच्या चार पोरापोरींनी मिळून काढलेला बँड, दोन कॅसेटी, अकरा कार्यक्रम, आणि मग काही नाही. पण ज्यांनी ते अकरा कार्यक्रम पाहिले ती माणसं आता पन्नाशीला आलीत, चष्मे लागलेत, तरी चहाच्या टपरीवर विषय निघाला की पंचविशीतल्यासारखी भांडतात. त्या भांडणात शेवटचा शब्द निकेशचा असे. तो बँडमध्ये नव्हता. वाद्य त्याला एकही येत नव्हतं. तो नुसता ऐकणारा होता, पण असा ऐकणारा की कुठल्या कार्यक्रमात धनंजयची कुठली तार तुटली हे त्याला सांगता येई. धनंजय गायचा आणि गिटार वाजवायचा. उकाडा म्हणजे धनंजय, असं निकेशचं मत. पहिली कॅसेट 'टिनाचं छत', कॉलेजच्या हॉलमध्ये एका माइकवर धरलेली, तिच्यात गिटार अशी अंगावर येई की निकेशच्या कॅसेटच्या दुकानासमोरून जाणारे सायकलवाले थांबत. आणि दुसरी 'धुई', नागपूरच्या एका स्टुडिओत तीन दिवस बसून केलेली, तिच्यात नुसता किबोर्ड, बँडमधल्या जयाचा. लांबलचक, ओला, सगळीकडे पसरणारा. त्या धुईत, त्या धुक्यात, धनंजय हरवला, असं निकेश म्हणे. आधी तोंडी म्हणे, मग फेसबुकवर लिहू लागला, आणि आता तर नागपूरच्या ऋतिकनं, जुन्या गाण्यांची वेबसाइट चालवणाऱ्या त्या तरुणानं, त्याला रीतसर विचारलं होतं: सर, 'धुई'ला पंचवीस वर्षं झाली, तुमच्याइतकं कोणी ऐकलेलं नाही, नव्यानं ऐकून लिहाल का? स्टुडिओवाल्यांच्या मुलाकडून मूळ टेप मिळवून मी ती स्वच्छ करून पाठवतो. निकेशनं लेखाचं पहिलं वाक्य ऐकण्याआधीच लिहून ठेवलं होतं: 'किबोर्डनं गिटारीचा गळा कसा दाबावा, हे शिकायचं असेल तर ही कॅसेट ऐकावी.' वाक्य त्याला आवडलं होतं. लेक आकांक्षा होळीला पुण्याहून आली होती, तिच्याकडून ही बोंडं मागून घेतली, आणि जेवण झाल्यावर एखादं ठरलेलं काम उरकावं तसा ऐकायला बसला होता.

त्याला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. आजकाल काय, संगणकाला सांगितलं की तो मेलेल्या माणसाचा आवाज काढून देतो. गिटार काढून द्यायला त्याला किती वेळ लागतो. त्यानं ऋतिकला फोन लावला आणि जरा दरडावूनच विचारलं, ही गिटार तुम्ही नंतर घातली का. पलीकडून पोरगा गडबडला. "नाही सर. टेपवर होतं तसंच आहे. फक्त खरखर काढली. गिटार पूर्ण उजव्या बाजूला आहे आणि किबोर्ड पूर्ण डावीकडे. त्या वेळी असं करत. तुमच्या कॅसेटवर नाही का तसं?" निकेशनं 'आहे, आहे' म्हणून फोन ठेवला. तोवर त्यालाही कळलं होतं. यंत्रानं केलेलं हे नव्हतंच. तिसऱ्या कडव्याआधी ती गिटार अडखळत होती, अर्धा श्वास मागं पडत होती आणि मग धावत येऊन गाण्याला गाठत होती. धनंजय चालतानाही तसाच चालायचा, कुणाशी तरी बोलत मागं राहायचा आणि मग पळत यायचा. आणि तारांवर ती टकटक. तारा छेडायचं पिक परवडत नाही म्हणून तो साबणाच्या डबीचं झाकण कापून त्याचे तुकडे वापरायचा, प्रत्येक सुराआधी प्लास्टिकचा बारीक ठोका पडे. तो ठोका दुनियेत दुसऱ्या कुणाचा नव्हता. धनंजय कावीळ होऊन गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, आणि आता या घरात, फ्रिजच्या बाजूनं, तो अगदी निवांत वाजवत बसला होता, कुणी ऐको न ऐको.

मग निकेशनं एक गोष्ट केली, आणि ती करताना त्याला आधीच ठाऊक होतं की काय होणार. त्यानं उजव्या कानातलं बोंड काढलं. गिटार गेली. किबोर्ड उरला, आवाज उरला, मागचे ड्रम उरले. ही 'धुई' त्याची होती. गेली पंचवीस वर्षं जी त्यानं ऐकली, लोकांना ऐकवली, जिच्यावर तो इतकं बोलला, ती ही, डाव्या कानातली. त्यानं बोंड पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. घातलं, काढलं. दार लागतं आणि उघडतं तसं. प्रेरणा ओले हात पुसत आत आली आणि म्हणाली, "काय चालवलं? कान दुखून राह्यला का?" त्यानं मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची हे तिलाही कळलं नाही, त्यालाही नाही.

रात्रभर तो बरा झोपला, हे त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. सकाळी दुकानात गेला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं आणि काचा विकल्या जातात. पूर्वी तिथं कॅसेटी असत, रेडिओ दुरुस्त होत, आणि दारावर डाव्या अंगाला एक भलामोठा स्पीकर टांगलेला असे. एकच. उजव्या अंगाला शेजारच्या मिठाईवाल्याची भिंत होती आणि त्याला आवाज खपत नसे. त्याचे वडील प्रभाकरराव ऐंशी वर्षांचे, तरी रोज येऊन दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि पेपर वाचून झाला की गिऱ्हाइकाला कव्हराचा रंग सुचवतात. निकेशनं त्यांना चहा दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, आपले ते दोन डेक होते, एकातून दुसऱ्यात कॅसेट उतरवायचे, त्याची वायर आठवते?"

"न आठवाले काय झालं. दोन पिनीची वायर. एक पांढरी, एक लाल. लाल तुटली होती. तू म्हने नवी आनू. म्या म्हटलं, काऊन? भजनाले एक पिन पुरते." म्हातारा खुशीत आला. "हजारानं कॅसेटी काढल्या आपन त्या एका पिनीवर. भजनं, कीर्तनं, लगनाचे गाने. कोनी एक तरी वापस आनली का? नाई आनली."

कुणी परत आणली नाही, हे खरंच होतं. भजनाला एक पिन पुरते हेही खरं होतं. भजन एका माइकवर धरलेलं, दोन्हीकडे तेच. 'टिनाचं छत'सुद्धा एका माइकवरचं, तिलाही काही झालं नाही. पण 'धुई' मोठ्या हौसेनं दोन बाजूंनी केलेली होती, आणि तुटलेली लाल पिन उजव्या बाजूची होती. धनंजय स्टुडिओतून आला त्या दिवशी दुकानाच्या फळीवर बसून पाय हलवत सांगत होता, ते निकेशला आता शब्दानिशी आठवलं. एका अंगाला जया बसली आहे, एका अंगाला मी, ऐकणारा मधात, असं वाटलं पाहिजे बे, असं तो म्हणाला होता. मग मूळ कॅसेट निकेशच्या हातात देऊन म्हणाला होता, तू काढ कॉपी, तुझ्यावर भरोसा हाय. स्टुडिओनं चौघांना चार कॅसेटी दिल्या होत्या, बस. वर्ध्यात, पुलगावात, हिंगणघाटात, तळेगावापर्यंत जी 'धुई' गेली, ती सगळी निकेशच्या हातची. दोनशे कॉपी. त्यानं त्या स्वतःच्या खर्चानं काढल्या, प्रत्येकीला झेरॉक्सचं कव्हर कापून चिकटवलं, आणि ओळखीच्या, बिनओळखीच्या प्रत्येकाच्या हातात कोंबली. त्याच्याइतकं त्या बँडसाठी कुणी केलं नाही, असं सगळे म्हणत. तोही म्हणे. पहिली कॉपी निघत असतानाच दारावरच्या त्या एकुलत्या स्पीकरमधून किबोर्ड ओघळत होता, नुसता किबोर्ड. गिटार कुठे? त्यानं धनंजयला विचारलं, तेव्हा तो हसला. "आहे ना बे. नीट ऐक." निकेशला वाटलं, बिचारा पोरीपुढे बोलू शकत नाही. धनंजयचं जयावर मन होतं हे गावाला माहीत होतं, आणि मन असलं की माणूस स्वतःचा आवाज कमी करून घेतो, असं त्यानं तेव्हा ठरवूनच टाकलं. ठरवणं त्याला नेहमीच सोपं गेलं. लोकांनी धनंजयला कॉलेजात, बसस्टँडवर गाठून विचारलं, तुझी गिटार कुठं गेली रे, आणि तो प्रत्येकाला आहे, आहे म्हणत राहिला. चौथ्या महिन्यात त्यानं उत्तर देणं सोडलं. सहाव्यात कावीळ झाली.

आणि तेरवी. ते निकेशला आठवायचं नव्हतं, म्हणून तेच आठवलं. मांडवात पंगत बसली होती, तो पानावर होता आणि जया पाण्याचा जग घेऊन वाढत येत होती. तिचे डोळे सुजले होते. ती वाकली, त्याच्या पेल्यात पाणी ओतू लागली, आणि तो म्हणाला, "त्याले तं तू जिवंतपणीच गाडलं, जया. तुझ्या किबोर्डनं." हळू म्हणाला होता. पण शेजारच्या दोघांनी ऐकलं आणि त्यांनी मान खाली घातली ती पटल्यासारखी. पेला भरून वाहिला. ती पुढच्या पानाकडे गेली, तिथंही वाढलं, त्याच्या पुढच्या पानावरही वाढलं. त्यानंतर तिनं किबोर्डला हात लावला नाही, असं कानावर आलं. तिचं डोकं जरा फिरलंय, असंही पुढे कुणी म्हणालं. निकेशला वाईट वाटलं होतं, पण त्या वाईट वाटण्याला तळाशी एक बरं वाटणं होतं, की मी म्हणालो ते तिलाही पटलं असावं. हे तो आज स्वतःशी कबूल करत होता, दुकानाच्या गल्ल्यामागे उभा राहून, समोर एक बाई गुलाबी कव्हर मागत असताना. त्याची त्याला घृणा आली.

देवळीच्या रस्त्यानं जयाचं नाचणगाव काही फार लांब नाही. मोटरसायकलवर तासाभराचं काम, तेही रमतगमत. दोन्हीकडे कापूस वेचून झाला होता आणि पऱ्हाट्या उपटून ढीग घातले होते, कुठे जळत होते. खिशात आकांक्षाची ती पांढरी डबी होती. निकेश काय बोलायचं ते ठरवत चालला होता, आणि गंमत अशी की प्रत्येक मैलागणिक त्याचा अपराध थोडा थोडा कमी होत होता. स्टुडिओवाल्यांनीच असं अतिशहाणपण करायला नको होतं. एक डावीकडे, एक उजवीकडे, हे काय गाणं झालं? त्या काळात किती घरांत दोन स्पीकर होते? वायर बाबांनी बदलू दिली नाही. आणि धनंजय तरी नुसतं नीट ऐक म्हणाला, कुठल्या बाजूनं ऐक हे नाही म्हणाला. देवळी ओलांडेपर्यंत त्यानं एक नीटनेटकं वाक्य तयार केलं होतं: कॅसेटी खराब निघाल्या होत्या. त्या वाक्यात कुणीच काही केलं नव्हतं. ते वाक्य त्यानं दोनदा हेल्मेटच्या आत म्हणून पाहिलं. चांगलं वाटत होतं. मग मध्येच उजव्या कानात आपोआप ती टकटक ऐकू आली, बोंडं डबीत असताना, आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला. हेल्मेटमध्ये वारा घुमतो तसलंच काही असेल, असं त्यानं मानलं.

घर त्याला माहीत होतं. कॉलेजात असताना धनंजयसोबत तो इथं दोनदा आला होता. ओसरीवर आता 'पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी होती आणि आत शिवणयंत्र चालू होतं. जयानं लग्न केलं नव्हतं. केस बरेच पिकले होते, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि चेहऱ्यावर एक संथपणा होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसला. तिनं त्याला ओळखायला वेळ लावला नाही. "निकेश ना? बस." पाणी दिलं. त्यानं ते सगळं पिऊन टाकलं, कारण पेल्यात उरलेल्या पाण्याकडे पाहत बसायची त्याची हिंमत नव्हती. तो म्हणाला, "'धुई' नेटवर आली. मूळ टेपवरून काढली एका पोरानं."

"मी नाई ऐकत गाणे." तिनं साडीची किनार सुईखाली सरकवली.

"एकदा ऐक. त्याच्यात गिटार हाय, जया. धनंजयची. उजव्या कानात."

यंत्र थांबलं. ती उठली, आतल्या खोलीचं दार तिनं न वाजवता लोटून घेतलं आणि परत येऊन बसली. "हळू बोल. आई आत हाय. घाबरते ती." मग तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला खुर्चीत मागं सरकावंसं वाटलं. "तुलेही ऐकू आलं?"

त्याला प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा ती सांगायला लागली होती, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी. तेरवीहून आल्यावर ती स्टुडिओची तिची कॅसेट वॉकमनवर लावून बसायची. दिवसभर. सगळा जिल्हा म्हणतोय की गिटार नाही, निकेशही म्हणाला, आणि निकेशचे कान तर सगळ्यांत पक्के. पण तिला तर ऐकू येत होती. स्वच्छ, उजव्या कानात, तारांवरच्या टकटकीसकट. एके दिवशी तिनं घरी सांगितलं. "मी बाबांले म्हटलं, धनंजय उजव्या कानात वाजवते. लोकांयले ऐकू नाई येत, मले येते." महिन्याभरापूर्वी जाळलेल्या पोराबद्दल घरातली तरणी मुलगी असं म्हणते म्हटल्यावर आईबापाचं काय व्हायचं ते झालं. "बाबा तुझ्या दुकानात आलते. आठवते?"

आठवलं. आधी कधीच आठवलं नव्हतं, आणि आता असं आठवलं की त्या दिवसाचं ऊनसुद्धा डोळ्यांवर आलं. वासुदेवराव, पांढरा सदरा, धोतराला सायकलच्या साखळीचा काळा डाग. दुकानात गर्दी होती म्हणून ते बाजूला उभे राहिले होते आणि गिऱ्हाइकं गेल्यावर पुढे येऊन हलक्या आवाजात म्हणाले होते, "बेटा, खरं सांगजो. त्या कॅसेटमध्ये गिटार हाय का नाई?" आणि निकेश, त्या दिवसांत हा विषय निघाला की ज्याला भरून येई, तो म्हणाला होता, "नाई काका. तेच तं दुःख हाय." वर एक कॉपी त्यांच्या हातात फुकट ठेवली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली होती. रोग्याच्या नातेवाइकानं तपासणीचा कागद घ्यावा तशी.

"त्यायनं ती घरी लावली. सगळ्यायसमोर. मामा आलता, काकू आलती. पूर्ण ऐकली दोन्ही बाजू. नव्हती गिटार." जया किनारीवरचा दोरा तोडत होती, जो आधीच तोडलेला होता. "माझी कॅसेट कोणी लावूच नाई देली. मेलेला माणूस वाजवते तिच्यात, कोण लावन? बाबांनं वर्धा नदीत सोडून देली, नारळासंगं. मंग नागपूरचा डोक्याचा डॉक्टर. गोळ्या. पहिले आठ वर्षं अख्खी, आता अर्धी. गोळीनं बोटं जड होत, मंग वाजवणं सुटलं ते सुटलंच. मीही मानलं. दोनशे घरांत ऐकू नाई येत अन् मले एकलीले येते, तं मीच येडी ना."

"मंग ती गिटार बंद झाली? गोळीनं?" त्यानं विचारलं.

"गोळीनं नाई झाली. मी सांगणं बंद केलं."

बाहेर रस्त्यावरून कुणी भंगारवाला ओरडत गेला. निकेशनं तोंड उघडलं आणि हेल्मेटमधलं ते तयार वाक्य आपसूक बाहेर पडलं. "कॅसेटी खराब निघाल्या होत्या." ती हो म्हणाली, इतक्या सहज की त्याला मारल्यासारखं झालं. त्यानं डबी उघडली आणि दोन्ही बोंडं तिच्यापुढे धरली. घालायची कशी हे तिला ठाऊक नव्हतं, त्यानं खुणेनं दाखवलं. 'मालधक्का' लावलं आणि तो समोर बसून राहिला. सात मिनिटं एखाद्याकडे पाहत बसणं फार लांब असतं. तिला काय ऐकू येतंय ते त्याला ऐकू येत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला गाण्याची जागा शोधावी लागत होती. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, ती रडली नाही. एकदा तिचा उजवा हात कानापाशी गेला आणि तिथं आडोसा धरल्यासारखा राहिला. एकदा तिचे ओठ हलले. गाणं संपल्यावर तिनं बोंडं काढून शिवणयंत्राच्या फळीवर ठेवली.

"तिसऱ्या कडव्याआधी तो मागं पडला होता," ती म्हणाली. "मी थांबले होते त्याच्यासाठी. एकच सूर दाबून. तो आला, मंग सोडला."

तो सूर निकेशला ठाऊक होता. चांगला ठाऊक होता. त्या एका लांबलेल्या सुरावर त्यानं फेसबुकवर पूर्ण परिच्छेद लिहिला होता. किबोर्डवाल्यांना कुठं थांबावं ते कळत नाही याचं उदाहरण म्हणून. ती कुणाची तरी वाट पाहत होती, आणि ज्याची वाट पाहत होती तोच त्यानं वायरीत अडकवून ठेवला होता. सगळी कॅसेट आता त्याच्या डोक्यात पुन्हा वाजू लागली, पहिल्यापासून, दोन्ही बाजूंनी. तो ओला, पसरणारा किबोर्ड कुठंच एकटा नव्हता. जिथं त्याला पोकळ वाटला होता तिथं तो ऐकत होता. जिथं लांबट वाटला होता तिथं उत्तर देत होता. दोन माणसं बोलत होती आणि त्यानं एकाचं तोंड बांधून दुसऱ्याला बडबड्या म्हटलं होतं, वर सगळ्या जिल्ह्याला तसं म्हणायला शिकवलं होतं. 'धुई' ही उकाडाची चांगली कॅसेट होती. 'टिनाचं छत'पेक्षा कितीतरी चांगली. त्याला ते लिहायचं होतं, आणि लिहून काय होणार होतं तेही त्याला दिसत होतं.

जया उठली. तिनं आतलं दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "आईले सांग."

"मी?"

"मी सांगतलं तं ती पाणी अन् गोळी घेऊन येईल. तू सांग."

आत लीलाबाई पलंगावर बसून तूर निवडत होत्या. पंचाहत्तरीच्या पुढे गेलेल्या, कान मात्र शाबूत. निकेशनं स्वतःची ओळख दिली, त्यांना ती पटली, मग घरच्यांची चौकशी झाली. त्यानं सांगितलं की काकू, जरा एक गाणं ऐकायचं आहे. त्या हसल्या, म्हणाल्या, या वयात मले काय गाणे ऐकवता. त्यांनी पदर मागं सारला आणि त्यानं त्यांच्या उजव्या कानात ते एकच बोंड अलगद बसवलं. गाणं लावलं. लीलाबाई तोंडावरचं हसू तसंच ठेवून ऐकत राहिल्या, सूपही हलवत राहिल्या. मग सूप थांबलं. त्यांनी आधी निकेशकडे पाहिलं, मग दारात उभ्या लेकीकडे.

"हे कोन वाजवून राह्यलं?"

"धनंजय, काकू."

"तो तं मेला ना."

"हो. पण हे त्याच्या आधीचं हाय. त्यानं वाजवलं होतं. टेपवर होतं."

"तुमाले येते का ऐकू?"

"सगळ्यायले येते, काकू. कोणालेही येईल. ज्याच्या कानात घालाल त्याले."

त्यांनी बोंड काढलं नाही. गाणं सरेपर्यंत त्या तशाच बसल्या, एक हात सुपात तुरीवर पालथा ठेवून. दारातली जया आत आली नाही आणि बाहेरही गेली नाही. गाणं सरल्यावर लीलाबाईंनी ते पांढरं बोंड कानातून काढून तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि कुणाला म्हणून नाही अशा आवाजात विचारलं, "मंग आमी इले इतके वर्ष कायच्या गोळ्या देल्या?"

खोलीत तीन माणसं होती आणि उत्तर एकालाच ठाऊक होतं. नीटनेटकं वाक्य अजूनही त्याच्या तोंडात होतं, वापरायला तयार. जयाला ते पुरलं होतं, म्हातारीलाही पुरलं असतं. निकेश पलंगासमोर खाली फरशीवर बसला.

"त्या कॅसेटी मी काढल्या होत्या, काकू," तो म्हणाला. "गिटार मीच कापली."